लोमेर नावाची माणसं

१

आबांचं काहीतरी बिनसलंय हे मला त्यांच्या पायांवरून कळलं.

आबा म्हणजे आमच्या नकाशा कार्यालयाचे प्रमुख. त्यांच्या अंगठ्यांपाशी हाडं वाढलेली. सकाळी घरून चमचा लावून, शिव्या देत देत बूट चढवायचे ते रात्री घरी गेल्यावरच उतरायचे. ऑफिसात आबांचे मोजे कुणी कधी पाहिले नव्हते. आणि त्या सकाळी त्यांच्या खोलीचं दार ढकललं तर टेबलाखाली दोन करडे मोजे दिसले.

"पाय गार पडतील हं, आबा," मी म्हटलं.

आबा टेबलावर डोकं टेकून बसले होते. नकाशाचा कागद उडू नये म्हणून आम्ही वापरतो ते शिशाचं वजन शेजारी पडलं होतं आणि त्याला रक्त लागलं होतं. मी मागे सरकले आणि टाचेला काहीतरी लागलं. उंबऱ्याशी आबांचे बूट होते, जोडीनं नीट मांडलेले, तळवे वर करून.

मग त्यांचा डावा हात दिसला. मनगटाला लाल दोरा, त्याला तीन गाठी.

माझा नवरा डोंगरातला लोमेर. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या मनगटाला त्यानं असाच दोरा बांधला होता. आणि हा मेण लावलेला लाल दोरा खालच्या मजल्यावर, नवऱ्याच्याच बाइंडिंगच्या खोलीत रिळावर असतो.

खरं सांगते, आबांसाठी रडण्याआधी मला तो दोरा तोडून पदरात लपवावासा वाटला. हात पुढे केलाही. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. दारात उपप्रमुख उभे होते, आणि ते त्या दोऱ्याकडेच बघत होते.

२

निरीक्षकबाई आल्या त्या शिंकतच. नाक लाल, डोळ्यांना पाणी, गुडघे दुखत असावेत, कारण खुर्ची दिसली की त्या आधी बसायच्या आणि मग बोलायच्या.

"मला कुणावर आळ घ्यायचा नाही," उपप्रमुखांनी सुरुवात केली, आणि पाठोपाठ घेतला. "पण काल संध्याकाळी आमचा बाइंडर आबांवर ओरडत होता. सगळ्यांनी ऐकलंय. तो लोमेर आहे. आणि मनगटाचा दोरा ही लोमेरांची रीत."

"ओरडत होता कशावरून?"

"नावावरून," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे वळले. "मी त्याची बायको. नकाशांवर नावांची अक्षरं काढते."

बाईंनी मला समोर बसवलं आणि मी सांगायला लागले.

आमच्या नकाशावर लोमेर हा शब्द तीन ठिकाणी येतो. उत्तरेला लोमेर डोंगर, समुद्रात लोमेर बेट, आणि पार तिकडे वाळवंटात लोमेर वस्ती. तिन्हीकडची माणसं लोमेर. भाषा वेगळ्या, चेहरे वेगळे, एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तरी सगळे म्हणायचे, पूर्वी एकच लोक असतील, पांगले असतील. त्याचं खरं कारण आबांनी म्हातारपणी शोधून काढलं. पहिली मोजणी झाली तेव्हा साहेबलोकांचं सामान वाहायला एकाच खोऱ्यातले हमाल होते. डोंगरात तेच, बेटावर तेच, वाळवंटातही तेच. मुक्कामाला पोचलं की साहेब त्यांनाच विचारायचा, पुढे कोण राहतं? हमाल म्हणायचे, लोमेर. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच, की पलीकडचे. आपले नाहीत ते. साहेब लिहून घ्यायचा. जे तिथं राहत होते त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"मग डोंगरातून जाडंभरडं कापड यायला लागलं, ते लोमेर कापड," मी म्हटलं. "ते जिथं विकलं जायचं ती शहरातली लोमेर गल्ली. तिथं आजही एक लोमेर सापडायचा नाही."

"आणि आबांना हे नाव काढून टाकायचं होतं."

"हो. नव्या नकाशावर ज्यांचं त्यांचं नाव घालायचं होतं. माझा नवरा काल त्याच्यावरच चिडला. म्हणाला, शाळेच्या दाखल्यावर मी लोमेर, नोकरी लोमेर म्हणून लागली, शिव्याही लोमेर म्हणूनच खाल्ल्या. आता तुम्ही एक दिवस उठून म्हणता, ते तुझं नव्हतंच? मग मी राहतो कोण?"

निरीक्षकबाईंनी नाक पुसलं. "रागाला जागा आहे त्याच्या," त्या म्हणाल्या. रागाला जागा म्हणजे खुनाला कारण, हे न समजण्याइतकी मी भोळी नाही.

तेवढ्यात खिडकीवर काहीतरी आपटलं आणि काच फुटली. खाली फाटकाशी माणसं जमली होती.

३

बातमी कुणी फोडली देव जाणे. लोमेरानं म्हाताऱ्याला मारलं, एवढं शहराला पुरलं. बाहेर शंभरेक माणसं होती आणि त्यांना माझा नवरा हवा होता. हवालदार येऊन सांगून गेला की लोमेर गल्लीतली दुकानं फोडली. तिथले दुकानदार गळा काढून सांगत होते की आम्ही लोमेर नाही, पण पाटी वाचणाऱ्याला कोण ऐकवणार? बंदरावर बेटावरच्या दोन मासेवाल्यांना मारलं. त्यांनी डोंगर जन्मात पाहिला नसेल.

मला मात्र एकच दिसत होतं. घरी सासूबाई एकट्या होत्या. वाचता येत नाही, शहराची भाषा अर्धी कळते, आणि फोन उचलत नव्हत्या.

"मला घरी जाऊ द्या," मी म्हटलं.

"फाटकातून?" बाईंनी विचारलं. "जिवंत पोचणार नाही. वरून हुकूम आलाय, त्याला ठाण्यावर हलवा. गाडी थोड्या वेळात येईल. या गर्दीतून ती गाडी नेणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तेव्हा रडू नका. मला विचार करू द्या."

त्या एकेकाला बोलवू लागल्या. मला बाहेर काढायला विसरल्या, की मुद्दाम ठेवलं, कळलं नाही.

नवऱ्याला आणलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. घाबरलेलं मला दिसू नये म्हणून. मला दिसलंच.

"दोरा तुझ्याकडचा?"

"माझ्याकडचाच. पण तो सगळे नेतात. उपप्रमुख गुंडाळ्या बांधायला नेतात. भाऊंना तर गेल्या आठवड्यात अख्खं रीळ दिलं."

भाऊ म्हणजे समोरच्या संग्रहालयाचे संग्रहपाल. आमच्याच मजल्यावर, व्हरांड्याच्या पलीकडे.

"तुमच्यात दोरा कोण बांधतं?"

"मेलेल्याचा मुलगा. नाहीतर सख्खा भाऊ. परक्याला आम्ही कशाला बांधू?" मग तो थांबला. "बाई, तो दोरा मला जवळून बघू द्या." त्यानं टोकं पाहिली आणि मान हलवली. "हा कात्रीनं कापलाय. आमच्यात त्याला लोखंड लावत नाहीत. दातानं तोडतात. आई तर शिवणाचा दोराही दातानंच तोडते."

"आणि बूट उलटे का ठेवतात?"

"कुणाचे बूट?" तो म्हणाला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

"हे तू स्वतःला वाचवायला सांगतोयस असं कुणीही म्हणेल," बाई शांतपणे म्हणाल्या. खाली गाडीचा भोंगा वाजला.

४

गाडीबरोबर वकील आला. बेटावरचा लोमेर, आडव्या बांध्याचा, ओठ फुटून रक्त आलेलं. आम्हाला त्यानं कधी पाहिलेलंही नव्हतं.

"तुमचा नवरा डोंगरातला आहे ना? माझा त्याचा काही संबंध नाही," तो मला म्हणाला. "पण फाटकाशी मला त्याचाच भाऊ म्हणून मारलं. म्हटलं, मार खाल्लाच आहे तर वकीलपत्रही घेऊ."

त्याही अवस्थेत मला हसू आलं.

निरीक्षकबाईंनी त्याला उंबऱ्यावरचे बूट दाखवले. तो बघत राहिला.

"हे कुणी केलं? हे तर आमच्याकडचं आहे. घरातला माणूस समुद्रावर गेला की त्याची पायताणं दारात उलटी ठेवतात. म्हणजे आलेल्यानं समजायचं, घरधनी बाहेर आहे, हाक मारू नका. परत आला की सुलटी."

"मेल्यावर ठेवतात ना?"

"छे! मेल्यावर तर लगेच कुणाला तरी देऊन टाकतात. उलटी पायताणं म्हणजे माणूस जिवंत आहे, येणार आहे."

निरीक्षकबाई खुर्चीतून उठल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्या कुणी न सांगता उभ्या राहिल्या.

"डोंगरातला माणूस दोरा बांधेल, पण बूट उलटे करणार नाही. बेटावरचा बूट उलटे करेल, पण मेल्यावर नाही, आणि त्याला दोरा ठाऊकच नाही. दोन्ही एका प्रेतावर कोण करेल? ज्याला वाटतं की लोमेर म्हणजे एकच." त्यांनी मला विचारलं, "असं कुणाला वाटतं?"

"अख्ख्या शहराला," मी म्हटलं. माझा धीर सुटत चालला होता. "ते खाली उभे आहेत त्या सगळ्यांना."

"त्यांना रीती माहीत नाहीत. मला रीती माहीत असलेला माणूस पाहिजे."

तेव्हाच भाऊ आत आले. डोळे रडून सुजलेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि निरीक्षकबाईंना म्हणाले, "बाई, ही गरीब माणसं आहेत. लोमेरांसाठी मी उभं आयुष्य घातलंय. त्याच्या हातून घडलं असेल, तरी रागाच्या भरात घडलं असेल. प्रेताला मान देऊन गेलाय बघा. दोरा, बूट. रीत सोडली नाही त्यानं. न्यायालयात मी हे सांगेन."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. सगळं शहर उलटलेलं असताना हा एक माणूस आमच्या बाजूनं बोलत होता.

"भाऊ, तुमचं नवं दालन पुढच्या आठवड्यात उघडतंय म्हणे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "बघायला मिळेल?"

भाऊंचा हात माझ्या हातात होता. तो त्यांनी काढून घेतला.

५

"ओलं आहे अजून," भाऊ म्हणाले. "रोगण लावलंय लाकडी फरशीला."

"मग बूट काढू."

"काढावेच लागतात," मी म्हटलं. "भाऊ कुणाला बुटानिशी आत सोडत नाहीत. मंत्र्यांना पण काढायला लावणार म्हणत होते." हे बोलले आणि माझं मलाच कसंसं झालं. का, ते लगेच कळलं नाही.

निरीक्षकबाईंना कळलं होतं. त्या मला बाजूला घेऊन आबांच्या खोलीत गेल्या. आबांना अजून हलवलं नव्हतं. "मला सर्दीमुळे काही वास येत नाही. तुमचं नाक चालू आहे ना? मोज्यांच्या तळव्यांचा वास घ्या."

मी गुडघ्यांवर बसले. मोज्यांचे तळवे चिकट होते, चकाकत होते.

"रोगण," मी म्हटलं.

भाऊंनी किल्ली द्यायला फार वेळ लावला. दालनात आम्ही मोज्यांवर गेलो. मधोमध दगडी चौथऱ्यावर प्लास्टरचा माणूस आडवा केलेला. अंगावर डोंगरातलं कापड, कमरेला बेटावरचा पट्टा, डोक्याला वाळवंटातलं फडकं. मनगटाला लाल दोरा. उशाशी पायताणं, उलटी. वर पाटी: लोमेरांचा अंत्यविधी.

वकील हसला. ते ऐकायला बरं नव्हतं.

"ही माणसं कुठं राहतात हो?" त्यानं विचारलं.

निरीक्षकबाई वाकल्या. दोऱ्याचं टोक कात्रीनं कापलेलं. फरशीवर सकाळी पुन्हा रोगणाचा हात फिरवलेला दिसत होता, घाईघाईनं. पण चौथऱ्याच्या मागे, भिंतीकडच्या कोपऱ्यात कुंचला पोचला नव्हता. तिथं रोगणात एक पाऊल उमटलं होतं. मोज्यातलं. अंगठ्यापाशी हाडाचा उंचवटा, आणि त्याला चिकटलेली करडी लोकर.

"आबा इथं आले ते स्वतःच्या पायांनी," त्या म्हणाल्या. "बूट दारात काढून. परत गेले ते नकाशे वाहायच्या ढकलगाडीवरून. शिशाच्या वजनाला रक्त नंतर लावलं. सगळं जमलं भाऊ, एक सोडून. मेलेल्या माणसाच्या पायात ते बूट चढेनात. आणि आबा बूट काढत नाहीत हे तर ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. मग अनवाणी पायांना काहीतरी कारण पाहिजे. कारण तुमच्या डोळ्यांसमोरच होतं. बूट उलटे करायचे, म्हणजे लोमेरांची रीत. आणि बूट लोमेरांचे, तर दोराही लोमेरांचा. तुमच्या लेखी ते सगळे एकच."

भाऊ चौथऱ्याला टेकले.

"मी फक्त ढकललं, डोकं चौथऱ्यावर आपटलं," ते म्हणाले. "बरं चाललं होतं हो. मी हौसेनं दाखवत होतो. ते सगळीकडे फिरले, मागं जाऊनसुद्धा बघून आले, आणि हसून म्हणाले, भाऊ, हा मेलाय कोण? असा माणूस जगात जन्माला आलेलाच नाही. वीस वर्षं, बाई. वीस वर्षं मी यांच्यासाठी..."

"आमच्यासाठी?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला फासावर चढवत होतात, भाऊ. तोच का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नाही असं दिसत होतं.

"तसं काही नव्हतं मनात," ते म्हणाले. "एक लोमेर हवा होता."

६

निरीक्षकबाई स्वतः फाटकावर चढल्या, त्या गुडघ्यांनी, आणि ओरडून सांगितलं की मारणारा सापडलाय आणि तो लोमेर नाही. गर्दी हलली, पण सावकाश. चुकलो असं कुणाच्या तोंडावर दिसत नव्हतं. काम अर्धवट राहिलेली माणसं घरी जातात तशी ती गेली.

आम्ही धावत सुटलो. वकील आमच्याबरोबर आला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आमच्या गल्लीत शिरलो तर कोळशाच्या मोठ्या मोठ्या अक्षरांनी दारं भरलेली. "आम्ही लोमेर नाही." "इथे लोमेर राहत नाहीत." शेजारच्या ताईंच्या दारावरही तेच होतं. माझ्याकडून रोज विरजण नेणाऱ्या ताई. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पदरानं दार पुसायला घेतलं. "कुणी लिहिलं बाई, कळलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनाही मुलं आहेत.

समोरच्या घराचं दार मोडलं होतं. तिथं राहणाऱ्या वाळवंटातल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं होतं.

आमचं दार शाबूत होतं. त्याच्यावरही कोळशानं एक शब्द लिहिलेला होता. लोमेर नव्हे. दुसराच. वकिलानं तो वाचला आणि म्हणाला, "हे काय आहे?" मलाही पटकन कळेना. माझा नवरा मात्र जागच्या जागी थांबला.

"आई!" त्यानं हाक मारली. "आई, दार उघड. मी आहे."

आतून कडी निघायला वेळ लागला. सासूबाई कोयता हातात घेऊन उभ्या होत्या. त्याला पाहिल्यावर कोयता खाली टाकला, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि मग माझं. माझ्या जिवात जीव आला तो तेव्हा.

"सगळे दारावर नाव लिहीत होते," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं आपणही लिहावं. वरच्या पोरीला सांगितलं, माझं काही खोटं लिहू नकोस, आम्ही जे आहोत ते लिही. डोंगरात आम्ही आम्हाला जे म्हणतो ते. मग ते लोक आले. दारापाशी थांबले. मी आतून ऐकत होते. एकानं वाचलं. दुसरा म्हणाला, हे कोण? पहिला म्हणाला, कोण जाणे, चला पुढे. आणि गेले समोरच्या घरात."

म्हणजे शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून त्या वाचल्या. हेच नाव आबांना नकाशावर हवं होतं. त्यासाठी ते भाऊंच्या तोंडावर हसले.

पुढच्या महिन्यात उपप्रमुखांनी मला बोलावलं. आबांची इच्छा पुरी करायची ठरली होती. ज्यांचं त्यांचं नाव, आणि अक्षरं मीच काढायची. मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं नवरा खूश होईल, निदान सासूबाई तरी. नवऱ्यानं आईकडे पाहिलं. सासूबाई उठल्या, फडकं ओलं केलं आणि दाराकडे गेल्या.

"नको," त्या म्हणाल्या, दार घासत. "नकाशावर घातलंस की पुढच्या वेळी त्यांना वाचता येईल."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगितलं की घरात कुणाला ते नाव नीट आठवत नाही. डोंगरांची जागा कोरी राहिली. उपप्रमुख रागावले, आबांची आण घातली. मला रडू आलं, पण मी कुंचला उचलला नाही. आणि ते नाव मी इथंही लिहिलेलं नाही.